काचेचं गावकूस



भांडायचं आहे, आणि आपल्याच माणसांशी भांडायचं आहे.

आपल्या पोरांच्या मोबाईलवर एक इमारत फिरते. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनो नावाच्या उपनगरात ॲपल कंपनीनं बांधलेली. गोल. मधे बाग, भोवती काच. २०१४ ला बांधकाम सुरू झालं, २०१७ ला लोक आत बसायला लागले, न् तेवढी सगळी वर्षं हौशी मंडळी तिच्यावर ड्रोन उडवून महिन्या-महिन्याला व्हिडिओ काढत होती. खड्डा किती खोल गेला, मातीचा डोंगर कुठं रचला, क्रेन किती उभ्या, काच कुठवर आली. घरातल्या लेकीचं बाळंतपण जवळ आल्यावर माणसं जशी दिवस मोजतात तसे लोकांनी त्या इमारतीचे दिवस मोजले. आपलेही बघतात. बघा की. रात्रपाळी सुटून झोप येत नाही तेव्हा मीही बघतो.

माझं भांडण बघण्याशी नाही. बघून झाल्यावर जे बोललं जातं त्याच्याशी आहे.

परवा अभ्यासवर्गात आपल्या एका शिकलेल्या मित्रानं मांडणी केली. म्हणाला, ही इमारत गोल आहे, म्हंजे हिला वरचा कोपरा नाही न् खालचा कोपरा नाही. काचेची आहे, म्हंजे भिंत नाही, लपवाछपवी नाही. बारा हजार माणसं एका छताखाली, कुणाची जात कुणी विचारत नाही. आपल्या पोरांचं पंढरपूर आता तिथं आहे. टाळ्या पडल्या.

पंढरपूर म्हणाला ते बरोबरच म्हणाला.

गोल म्हंजे समता, हे कुणी सांगितलं? गावकूस गावाला वेढा घालूनच होतं की. वेढ्याला कोपरे नसले तरी आत न् बाहेर असतंच. क्युपर्टिनोच्या त्या रिंगणाचा व्यास ४६१ मीटर, घेर मैलभर, न् भोवती १७५ एकर जमीन. परक्या माणसाला आत पाऊल टाकता येत नाही. पाहुण्यांसाठी रस्त्यापलीकडं वेगळं केंद्र बांधलंय, नोव्हेंबर २०१७ ला उघडलं. तिथं गच्चीवर चढायचं, झाडांआडून दिसेल तेवढी इमारत बघायची, खाली दुकानात काही विकत घ्यायचं न् घरी जायचं. याला आमच्याकडं कळसदर्शन म्हणतात. चोखोबाच्या वाट्याला तेच आलं होतं. फक्त दुकान नव्हतं.

न् चोखोबा मेला कसा? मंगळवेढ्याचं गावकूस बांधायला वेठीला धरून नेलं, ते कोसळलं, त्याखाली तो न् बाकीचे मजूर गाडले गेले, अशी परंपरा आहे. साल १३३८ देतात. म्हंजे गावकूस बांधणारा न् गावकुसाबाहेर राहणारा माणूस एकच. नामदेवानं त्याची हाडं पंढरपुराला आणली न् समाधी झाली ती देवळाच्या दाराशी, बाहेर. भक्ती म्हणून सांगत नाही मी. बांधकामाचा नियम म्हणून सांगतोय.

आता तो ड्रोनचा व्हिडिओ परत लावा न् माणूस शोधा. वरून पिवळी-पांढरी टोपडी दिसतात, मुंग्यांसारखी. क्रेनला चेहरा आहे, काचेला चेहरा आहे, माणसाला नाही. आर्किटेक्टचं नाव सगळ्यांना पाठ, नॉर्मन फॉस्टर. स्टीव्ह जॉब्सनं ७ जून २०११ ला क्युपर्टिनोच्या नगर परिषदेपुढं नकाशा मांडला न् त्याच ऑक्टोबरात तो वारला, हेही पाठ. वाकवलेली काच जर्मनीहून आली, पाठ. पाच अब्ज डॉलर खर्चाचा अंदाज, पाठ. पण जानेवारी २०१५ मध्ये त्याच कामावरनं काही मजुरांना का हाकललं, हे त्या मित्राला विचारा.

मी सांगतो. मागच्या सात वर्षांत गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला, किंवा तसा खटला अंगावर असलेला माणूस या बांधकामावर नको, असा नियम होता. शिक्षा भोगून आलेला असला तरी नको. त्याच्या हातात हत्यार म्हंजे पाना न् झारा, तरी नको. कामगार संघटना बोलली, पेपरात बातमी फुटली, तेव्हा एप्रिल २०१५ मध्ये कंपनीनं नियम मागं घेतला. अमेरिकेच्या तुरुंगांत काळ्यांचा भरणा त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं कितीतरी जास्त आहे. म्हंजे हा नियम सगळ्यांत जास्त कुणाच्या पोटावर येणार हे उघड आहे. आपल्याला हे समजावून सांगायला नको. १८७१ च्या कायद्यानं इथं अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या होत्या, तो कायदा १९५२ ला गेला न् पारध्याच्या पोराला पोलीस अजून आधी उचलतो, मग नाव विचारतो. क्युपर्टिनोपासून मोटारीनं तासाभरावर ओकलंड आहे. तिथं १९६६ ला ब्लॅक पँथर उभी राहिली, न् तिचं नाव घेऊन १९७२ ला मुंबईत आपली पँथर. त्या मुलखातली इमारत बघताना आपल्याला काचच तेवढी दिसावी?

जमिनीचंही तसंच. तिथं आधी दुसऱ्या कंपनीची ऑफिसं होती, ती पाडली. त्याच्या आधी जर्दाळूच्या न् आलुबुखाराच्या बागा. त्या सगळ्याच्या आधी तो मुलूख ओलोनी आदिवासींचा. १७७७ ला सांता क्लाराला स्पॅनिश पाद्र्यांनी मिशन बांधलं न् ओलोनी माणसाला त्याच्याच मातीत राबायला लावलं. आता या जमिनीवर १९१६ चं एक लाकडी कोठार उभं होतं. कंपनीनं ते जपलं. फळी न् फळी सोडवली, नीट ठेवली न् आवारात पुन्हा उभी केली. नऊ हजार झाडं लावली, त्यांत जर्दाळूसुद्धा. कोठार वाचलं, जर्दाळू परत आला. जर्दाळू तोडणारे हात मात्र परत कुणी बोलावले नाहीत. शेजारच्या सॅन होजे शहरात शेतमजुरांचा पुढारी सेझार चावेझ जिथं राहायचा त्या वस्तीला लोक स्पॅनिशमध्ये म्हणायचे, साल सी प्वेदेस. अर्थ असा की जमलं तर निघून दाखव. आपल्या वस्त्यांना बाहेरचे लोक नावं ठेवतात. या लोकांनी आपल्या वस्तीला स्वतःच नाव ठेवलं न् चांगलं ठेवलं.

एक गोष्ट मला फार आवडली, रागानं आवडली. तिकडं भूकंप होतात. म्हणून या इमारतीखाली ६९२ मोठ्या पोलादी बशा घातल्यात न् अख्खी इमारत त्यांवर ठेवलीय. जमीन चार फूट सरकली तरी इमारतीनं जमिनीबरोबर हलायचं नाही. काय डोकं चाललंय बघा! खाली काय वाट्टेल ते होवो, वर चहाचा कप हिंदकळायला नको.

आत गेलं तर काय? साधारण अकरा हजार मोटारी ठेवायची सोय आहे. व्यायामाला लाखभर चौरस फूट. पाळणाघर नाही. २०१७ ला पेपरांनी हे लिहिलं तेव्हा मी दोनदा वाचलं. आपल्याकडं १९४८ चा कारखाना कायदासुद्धा, ठरावीक संख्येच्या वर बायका कामाला असल्या की पाळणाघर ठेव म्हणून मालकाला सांगत होता. मालक ठेवत होते का, ते माझ्या आईला विचारा.

न् काचेचं ऐका. जानेवारी २०१८ ला लोक नव्या इमारतीत राहायला गेले न् धडाधड काचेवर आपटायला लागले. कुणाची भुवई फुटली, कुणाच्या डोक्याला खोक पडली, मदतीला फोन करावे लागले. शेवटी काचेवर खुणा चिकटवल्या. माझा मित्र म्हणतो काच म्हंजे भिंत नाही. अरे बाबा, ज्याचं कपाळ फुटलं त्याला विचार.

आपल्यातला एकजण असाच आपटला. ॲपलमध्ये नाही, तिथून जवळच, सॅन होजेच्या सिस्को कंपनीत. ३० जून २०२० ला कॅलिफोर्निया सरकारनं सिस्कोवर न् तिथल्या दोन वरिष्ठांवर खटला भरला. तक्रार अशी की दलित इंजिनिअर राखीव जागेतून आयआयटीत आला होता, हे वरच्या जातीच्या साहेबानं सहकाऱ्यांना सांगितलं, न् यानं तक्रार केल्यावर याचंच काम काढून घेतलं. खटल्यात त्याचं नाव नाही, जॉन डो लिहिलंय. तिकडं नाव झाकायचं असलं की जॉन डो लिहितात. आपल्याकडं आडनाव बदलतात. एप्रिल २०२३ मध्ये सरकारनं त्या दोघांवरचा दावा मागं घेतला, कंपनीवरचा ठेवला. आरोप कंपनीनं नाकारले. निकाल काय लागेल तो लागो, पण त्या एका माणसानं तोंड उघडल्यावर काय झालं बघा. त्याच साली, २०२० ला, ॲपलनं आपल्या नोकरांच्या वागणुकीच्या नियमांत जात हा शब्द घातला. जातीवरून भेद करायचा नाही, असं लिहिलं.

म्हंजे माझा मित्र ज्या इमारतीत जात नाही म्हणून टाळ्या घेतो, त्या इमारतीच्या मालकालाच जात लिहावी लागली! ती गोल छपरानं लिहायला लावली नाही, काचेनं नाही, नऊ हजार झाडांनी नाही. एका माणसानं नोकरी पणाला लावून तक्रार लिहिली म्हणून. पुढं २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहरानं जातिभेदबंदी केली. त्याच सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसं विधेयक मंजूर केलं न् ऑक्टोबरात गव्हर्नरनं ते फेटाळलं. म्हणाला, आहेत ते कायदे पुरेसे आहेत. हे वाक्य आपण इथं किती वेळा ऐकलंय!

आपल्या पोरांनी तिथं जाऊ नये असं मी म्हणतोय, असा अर्थ कुणी काढेल म्हणून सांगतो. जावं. दहा गेले तर हजार जावेत. माझा धाकटा भाऊ संगणकच शिकतोय न् त्याची फी मी भरतो. पण आत जाणाऱ्यानं आत गेल्यावर कुठल्या खात्यात बसवतात हे बघावं. मुंबईच्या गिरण्यांत आपला माणूस होताच. पण विणाई खात्यात नव्हता. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आपल्या थुंकीनं धागा बाटेल म्हणून तिथं मज्जाव. पगार तिथंच जास्त. आपली माणसं रिंग खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे पुढं आणलं तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांना ते आवडलं नव्हतं. गिरणीचं छप्पर एकच होतं तेव्हाही.

मीही रिंग खात्यातच आहे, सूतगिरणीत. गिरणीचं नाव लिहीत नाही. मागं आमच्या आवारात नवीन ऑफिस झालं, काचेचंच. वर्षभर मी ते काम बघितलं, ड्रोननं नाही, पाळी बदलताना फाटकातून. पायाचा दगड वडारांनी फोडला. फरशी बसवणारे राजस्थानचे. काच लावणारा पोरगा बंगालचा, कंबरेला दोर नाही, खाली जाळी नाही, चप्पल घालून परांच्यावर. त्याला मी विचारलं, दोर का नाही? तो म्हणाला, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, मालकाला विचारा. मालकाला विचारायची सोय नाही. उद्घाटनाला पेढे वाटले. तो पोरगा तोवर दुसऱ्या साईटवर गेला होता. आमच्या खात्यातल्या बायकांना त्या दिवशी आत जाता आलं, आदल्या रात्री, फरशी पुसायला.

बांधकाम बघायचं ते असं. खालून.

हिंजवडी, खराडी, ऐरोली, कुठं ना कुठं तुमच्या वाटेवर असली काच उभी राहतेच आहे. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी जा. पाणी कुठनं येतं बघा. बायका आडोशाला कुठं जातात बघा, पोरं शाळेत जातात का बघा. हजेरी कितीची देतात न् हातात किती पडतात ते विचारा. बांधकाम मजुरांसाठी १९९६ ला कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर टक्काभर उपकर बसला, तो पैसा या माणसांसाठी आहे. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला मिळाला की कल्याणकारी मंडळात नाव लागतं. त्या शेडमधल्या किती जणांचं लागलंय? दाखला द्यायला ठेकेदार किती फेऱ्या मारायला लावतो? कुणी पडलं का, पडलं तर हॉस्पिटलात कुणी नेलं? न् जात विचारायला लाजू नका. संडासाची टाकी कोण उपसतं, दगड कोण फोडतं, काच पुसायला वर कोण लटकतं न् ऑफिसात खुर्चीवर कोण बसतं, हे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा.

ते इकडं पाठवा. पुढच्या अंकाची पानं त्यासाठी मोकळी ठेवायला मी संपादकांना सांगितलंय न् ते हो म्हणालेत. कविता नकोत, त्या माझ्याकडंच ढीगभर पडल्यात. मजुरांची खरी नावं लिहू नका, कामावरनं काढतील. साईटचं नाव, ठेकेदाराचं नाव, तारीख न् हजेरीचा आकडा तेवढा पक्का लिहा.