विश्लेषण : अंदमानात गटाने स्कूबा डायव्हिंगला जाताय? सहलीचे वेळापत्रक आणि शरीराचे वेळापत्रक का जुळत नाही?

'पाच रात्री, सहा दिवस, एक स्कूबा डाइव्ह मोफत' अशा अंदमानच्या सहलींचा हंगाम ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत चालतो. सोसायटीतली चार कुटुंबे, कार्यालयातले दहा जण किंवा कॉलेजच्या जुन्या मित्रांचा व्हॉट्सअॅप ग्रुप एकत्र निघतो. विमान, बोट, हॉटेल, जेवण यांचे सगळे आधी ठरते आणि समुद्राखाली जाण्याचा कार्यक्रम उरलेल्या जागेत बसवला जातो. धोका नेमका तिथेच आहे.

'ट्राय डाइव्ह' म्हणजे काय?

अंदमानात बहुतेक डायव्हिंग स्वराज द्वीपवर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर होते. हे नाव डिसेंबर २०१८ मध्ये बदलले. पोर्ट ब्लेअरचे श्रीविजयपुरम झाले ते सप्टेंबर २०२४ मध्ये. जुन्या वेळापत्रकांत अजून दोन्ही नावे सापडतात, गोंधळू नये.

सहलीत मिळते ती 'ट्राय डाइव्ह' किंवा 'डिस्कव्हर स्कूबा'. हे प्रशिक्षण नव्हे, तोंडओळख आहे. 'पॅडी' या प्रशिक्षण संस्थेच्या नियमानुसार तिची कमाल खोली १२ मीटर आणि किमान वय १० वर्षे. एका प्रशिक्षकाकडे खुल्या समुद्रात जास्तीत जास्त चार नवखे असू शकतात. प्रत्यक्षात चांगली केंद्रे एकास एक प्रशिक्षक देतात आणि तेच मागावे. प्रमाणपत्र देणारा 'ओपन वॉटर' अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो. त्यात २०० मीटर पोहून दाखवावे लागते, दहा मिनिटे तरंगावे लागते आणि त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा मिळते. 'पोहता येत नसले तरी चालेल' ही जाहिरात फक्त पहिल्या प्रकारापुरती खरी आहे.

एक गैरसमज आपली वृत्तपत्रेही पसरवतात. पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन नसतो. तुम्ही-आम्ही घेतो तीच हवा त्यात दाबून भरलेली असते. सर्वसाधारण टाकी ११ लिटरची आणि दाब २०० बार, म्हणजे सुमारे २,२०० लिटर हवा. ती किती वेळ पुरेल हे खोलीवर ठरते. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तीच टाकी निम्म्या वेळात संपते. घाबरलेला माणूस तर ती आणखी लवकर संपवतो.

विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी जास्त सांभाळायचे का?

हो. आपल्याकडे पट्टीचा पोहणारा म्हणजे दम धरणारा. विहिरीच्या काठावरून सूर मारायचा, तळाची माती मुठीत घेऊन वर यायचे, तोवर श्वास कोंडायचा. ही सवय इतकी मुरलेली असते की पाण्यात तोंड गेले की छाती आपोआप बंद होते.

विहिरीत हे चालते, कारण छातीतली हवा वरून भरलेली असते. खाली जाताना ती आकसते, वर येताना मूळ आकाराला येते. स्कूबात मात्र हवा खालच्या दाबाने छातीत भरली जाते. दहा मीटरवर पूर्ण श्वास घेतला, घाबरून तो कोंडला आणि वर झेप घेतली, तर पृष्ठभागापर्यंत येताना ती हवा दुप्पट होऊ पाहते. फुप्फुसाच्या भिंती तितक्या ताणल्या जात नाहीत. त्या फाटल्या तर हवेचे बुडबुडे थेट रक्तात, तिथून मेंदूत जाऊ शकतात. पाण्याच्या शेवटच्या काही मीटरांतच हवा सर्वात वेगाने फुगते, त्यामुळे 'आम्ही फार खोल गेलोच नव्हतो' याला अर्थ नाही. प्रशिक्षक 'श्वास कधीही रोखू नका' हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगतो, ते यासाठी.

गटात गेल्याने नेमके काय बदलते?

किनाऱ्यावर वैद्यकीय प्रश्नावली हाती दिली जाते. दमा आहे का, फिट येतात का, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का, हृदयविकार, छातीत हवा भरल्याचा इतिहास, गर्भारपण. पंचेचाळिशीच्या पुढच्यांना धूम्रपान, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाचे प्रश्न वेगळे असतात. एकाही मुद्द्यावर 'हो' आले, तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय पाण्यात उतरता येत नाही, किंवा पुढचे आणखी प्रश्न सोडवावे लागतात.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. सकाळचे सात वाजलेत. बोट थांबली आहे. नऊ जणांनी खटाखट 'नाही'वर खुणा करून सह्या केल्या आहेत. दहाव्याला लहानपणी दमा होता. तो 'हो' लिहील? आणि लिहिलेच, तर त्या बेटावर त्या क्षणी संमतीपत्र देणारा डॉक्टर कुठून आणणार? पैसे तर आधीच भरले आहेत. वहिनी म्हणतात, 'अहो, काही होत नाही, लहान मुलेसुद्धा करतात.' मग तोही 'नाही' लिहितो. प्रश्नावली भरायची जागा बोटीचा धक्का नाही. ती सहल ठरवतानाच, घरी, डॉक्टरांसमोर भरली पाहिजे. सहल कंपनीने ती महिनाभर आधी पाठवायला काय हरकत आहे, हे कोडेच आहे.

ही भीती अनाठायी नाही. 'डायव्हर्स अॅलर्ट नेटवर्क' म्हणजे 'डॅन' या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ हौशी डायव्हरांच्या मृत्यूंचा अभ्यास केला होता. कारण निश्चित करता आले अशा मृत्यूंत गुदमरणे ३३ टक्के, रक्तात हवेचा बुडबुडा अडकणे २९ टक्के आणि हृदयविकाराचा झटका २६ टक्के होता. सुरुवातीचे निमित्त सर्वाधिक वेळा टाकीतली हवा संपणे हे होते. शार्कचा हल्ला ही चित्रपटांची देणगी.

सर्दी हा दुसरा नाजूक विषय. कानातला दाब बाहेरच्या दाबाशी जुळवण्यासाठी नाक दाबून हलकेच हवा कानाकडे ढकलावी लागते. सर्दीत ती नळी बंद असते. तरीही 'सगळे चाललेत' म्हणून खाली गेले की पडद्याला इजा ठरलेली. नाक मोकळे करणाऱ्या गोळीचा परिणाम पाण्याखाली ओसरला, तर वर येणेही त्रासाचे होते. हात सपाट धरून डावीकडे-उजवीकडे हलवला की 'अडचण आहे' अशी खूण होते. ती करणाऱ्याला वर आणलेच पाहिजे आणि त्याची थट्टा होता कामा नये. हे गटात आदल्या रात्री बोलून घेतलेले बरे.

शेवटच्या दिवशी डाइव्ह का नको?

आपण श्वासातून घेतो त्या हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजन असतो. जमिनीवर तो निरुपद्रवी. पाण्याखाली दाब वाढला की तो रक्तात आणि स्नायू-चरबीत जास्त विरघळतो. हळूहळू वर आले तर श्वासावाटे निघून जातो. घाईने आले तर गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होते तसे, बुडबुडे. सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, अंगावर चट्टे, विलक्षण थकवा ही त्याची लक्षणे. गंभीर प्रकारात पाय लुळे पडतात. म्हणून अनुभवी डायव्हर पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून मग वर येतात.

वर आल्यानंतरही काही नायट्रोजन अंगात उरतो. विमानाच्या आत हवेचा दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो सुमारे ८,००० फूट उंचीवरच्या दाबाइतका खाली येऊ शकतो. शरीराच्या दृष्टीने हे आणखी एकदा वर येणेच. 'डॅन'ची शिफारस अशी : एकच साधी डाइव्ह असेल तर उड्डाणापूर्वी किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग दिवस डायव्हिंग असेल तर किमान १८ तास. बरीच केंद्रे सरसकट २४ तास सांगतात.

कागदावर हे जमते. पण स्वराज द्वीपवर तिसऱ्या दिवशी समुद्र खवळलेला असतो, डाइव्ह चौथ्यावर जाते, मग पाचव्यावर. आयोजकाला पैसे परत करायचे नसतात, पाहुण्यांना फोटोशिवाय परतायचे नसते. डिसेंबर २०१६ मध्ये पुढे 'वरदा' चक्रीवादळ झालेल्या हवामान प्रणालीमुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर सुमारे १,४०० पर्यटक अडकले होते. बोटीच बंद होत्या. असे दर वर्षी होत नाही, पण एखादा दिवस वाया जाणे नेहमीचे.

उपाय सोपा आहे आणि त्याला जादा पैसेही लागत नाहीत : सहलीचा क्रम उलटा करा. पहिल्या-दुसऱ्या दिवशी थेट स्वराज द्वीप गाठा. सेल्युलर जेल, त्यातली सावरकरांची कोठडी, रात्रीचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम, बाजारहाट हे सगळे शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवा. मराठी पर्यटक सेल्युलर जेल चुकवत नाही, ते शेवटी ठेवले तरी बिघडत नाही.

मालवण-तारकर्लीला जाणाऱ्यांसाठी याचीच घरगुती आवृत्ती आहे. तिथे विमान नसते, पण घाट असतो. 'डॅन' २,००० फुटांवरील चढाईला उड्डाणासारखेच मानते. आंबोली सुमारे ७०० मीटर म्हणजे त्याहून जास्त उंचीवर आहे. एका उथळ डाइव्हनंतर धोका थोडा, हे खरे. पण दिवसात दोन-तीन डाइव्ह करून संध्याकाळी आंबोलीमार्गे कोल्हापूर गाठणाऱ्या गाड्यांनी एक मुक्काम वाढवावा.

पाण्याखालीच धोका असतो का?

नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट परतताना उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. ते स्कूबा करून परतत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये गायक झुबीन गर्ग यांचा सिंगापूरमध्ये मृत्यू झाला, तेव्हा आधी 'स्कूबा डायव्हिंग करताना' अशा बातम्या आल्या. पुढे तेथील पोलिसांच्या माहितीवरून स्पष्ट झाले की ते नौकेवरून पोहायला उतरले असता बुडाले. दोन्ही प्रसंगांत टाकी, नळी, खोली यांचा संबंध नव्हता. बोटीत चढल्यापासून उतरेपर्यंत जीवरक्षक जाकीट, माणसे मोजून नेणे आणि मोजून आणणे, इंजिन बंद झाल्याशिवाय शिडीजवळ न जाणे, मद्य नाही. मोठ्या गटात माणसे मोजण्याचे काम आयोजकावर न सोडता आपल्यातल्याच एकाला द्यावे. लग्नाच्या वऱ्हाडात बस सुटताना कुणीतरी डोकी मोजतोच की.

प्रवाळाचे काय?

बघायला जातो ते तिथे किती उरले आहे, हाही प्रश्न आहे. अंदमानातील प्रवाळ २०१० मध्ये समुद्र तापल्याने मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. २०१६ मध्ये पुन्हा तेच झाले. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेने जगभरातील चौथी विरंजन घटना जाहीर केली. गोलाकार, दगडासारखे दिसणारे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढते. त्यावर फोटोसाठी उभ्या राहिलेल्या माणसाचा एक पाय किती वर्षे पुसतो, हिशेब करून पाहा. भित्ती घडवणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावर पडलेला तुकडाही 'आठवण' म्हणून बॅगेत टाकू नये, विमानतळावर तो काढून घेतला जातो आणि प्रकरण कायद्यात जाते.

'डिक्सन्स पिनॅकल' आणि 'जॉनीज गॉर्ज' ही तिथली प्रसिद्ध डाइव्हची ठिकाणे स्थानिक कारेन समाजातील डायव्हरांच्या नावाने ओळखली जातात. हा समाज १९२० च्या दशकात ब्रह्मदेशातून इथे आला. ट्राय डाइव्हवाल्यांना ही ठिकाणे दिसत नाहीत, ती खोल आहेत. त्यासाठी प्रमाणपत्र लागते. गटातल्या प्रमाणपत्रधारकांनी 'आम्हालाही त्यांच्याबरोबरच राहायचे' असा हट्ट न धरता वेगळी बोट घ्यावी आणि नवख्यांनी त्यांच्याबरोबर खोल जाण्याचा हट्ट तर मुळीच धरू नये.

त्रास झालाच तर?

पहिला उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन. तो बोटीवर आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारावे. नुसते 'हो' ऐकून न थांबता दाखवायला सांगावे. पुढचा उपचार पुनर्दाब कक्षात होतो, तिथे रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून हळूहळू बाहेर आणतात. ही सोय सगळीकडे नसते, ती प्रामुख्याने नौदलाच्या वैद्यकीय यंत्रणेकडे असते. जवळचा कक्ष कुठे, तिथवर रात्री रुग्ण कसा नेणार, हे केंद्रचालकाला तोंडपाठ असायला हवे.

लक्षणे बहुधा पहिल्या २४ तासांत दिसतात, म्हणजे अनेकदा घरी पोहोचल्यावर. खांदा दुखतो, हाताला मुंग्या येतात. माणूस 'बॅगा उचलल्या ना' म्हणून वेदनाशामक घेऊन झोपतो आणि साधा दवाखाना मणक्याचा एक्स-रे काढतो. डॉक्टरांना 'मी काल समुद्राखाली बारा मीटर गेलो होतो' हे स्वतःहून सांगावे लागते. मुंबईत कुलाब्याच्या 'आयएनएचएस अश्विनी' रुग्णालयाच्या आवारात नौदलाची सागरी वैद्यक संस्था आहे, या आजाराचे तज्ज्ञ तिथे आहेत. प्रवास विम्याचा कागदही निघण्याआधी वाचावा. साध्या पॉलिसीत साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात आणि ते वाक्य बारीक अक्षरांत शेवटच्या पानावर असते.