घर नाकारलं की अंतर वाढतं

मुंबईच्या लोकलमध्ये जात नसते, असं मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं. चौथ्या सीटवर कोण टेकलंय, कुणाचा खांदा कुणाला लागतोय, हे कुणी बघत नाही म्हणे. यातलं अर्धं खरं आहे. एवढ्या गर्दीत शिवाशिव पाळणं शक्यच नाही. पण ६ डिसेंबरच्या आसपास महिलांच्या डब्यात उभं राहून पाहा. "आज दादरला उतरू नका, त्या लोकांची गर्दी आहे," असं शेजारची बाई सहज बोलून जाते. गणपतीत याच डब्यात याहून जास्त चेंगराचेंगरी असते. तेव्हा ती फक्त "गर्दी" असते, "त्या लोकांची" नसते.

तरी मला आज डब्याबद्दल कमी बोलायचंय. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. डब्यातली ही माणसं एवढ्या लांबून का येतात? आणि सगळ्यात लांबून कोण येतं?

मी बदलापूरला राहते आणि मुंबईत समाजशास्त्रात पीएच.डी. करते. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. जलद गाडी मिळाली तरी दीड तास जातो. घरापासून स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा, पुलावरची रांग आणि उतरल्यावरची बस धरली की एका बाजूला अडीच तास, म्हणजे दिवसाचे पाच. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये सुमारे १ लाख ७४ हजार झाली. एवढी माणसं इथं का आली, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे "मुंबईत घरं महाग". ते चूक नाही, पण महागाई सगळ्यांना सारखंच लांब ढकलत नाही.

माझे वडील परभणी जिल्ह्यातून आले आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागले. माझी दहावी झाली तेव्हा कॉलेज जवळ पडावं म्हणून आम्ही ठाणे-डोंबिवलीकडं भाड्याचं घर शोधत होतो. आठ घरं पाहिली. भाडं परवडत होतं, डिपॉझिट तयार होतं. एजंट आधी आडनाव विचारायचा. त्यावरून अंदाज आला नाही तर गाव. तरीही नाही आला तर "नॉनव्हेज खाता का?" एका घरमालकिणीनं आईला सरळ विचारलं, "भिंतीला फोटो कुणाचे लावता?" आईनं सांगितलं, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा. संध्याकाळी एजंटचा फोन आला, मालकांचा पुतण्या राहायला येतोय. "देणार नाही" असं आठांपैकी एकानंही म्हटलं नाही.

शेवटी वडिलांनी बदलापूर पूर्वेला, स्टेशनपासून साडेतीन किलोमीटरवर, वन आरके विकत घेतला. वीस वर्षांचं कर्ज काढून. कारण बिल्डरनं काहीच विचारलं नाही. ज्याचे फ्लॅट पडून आहेत त्याला फक्त बँकेचं मंजुरीपत्र हवं असतं. आमच्या मजल्यावर चार घरं आहेत, तीन बौद्धांची आणि एक मुस्लीम कुटुंबाचं. चौघांच्याही बोलण्यात हेच येतं की आधी जवळ भाड्यानं मिळालं नाही, मग लांब विकत घेतलं. ज्यांच्या हातात पैसा कमी, त्यांनाच कर्ज काढून मालक व्हावं लागलं, कारण भाडेकरू म्हणून त्यांना कुणी ठेवून घेईना. जवळच्या घरानं दिलेला नकार आम्ही अजून फेडतोय. बँकेला हप्त्यानं आणि रेल्वेला पासानं.

हे फक्त मुंबईचं नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुडगावमधल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये आला. सवर्ण हिंदू नावाच्या माणसाला सहज मिळणारं घर दलित आणि मुस्लीम नाव सांगितल्यावर नाकारलं जातं, किंवा जास्त भाडं आणि जादा अटी लावून दिलं जातं, असं त्यात दिसलं. आणि हे नवंही नाही. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशी सराईतून लाठ्या दाखवून बाहेर काढलं. नोकरी होती, पगार होता, पदव्या होत्या, पण राहायला जागा मिळाली नाही म्हणून ते मुंबईला परतले. गावाचं गोडवं गाणाऱ्यांना संविधान सभेत फटकारणारे बाबासाहेब शहरालाही पुरतं ओळखून होते.

कायदा काय म्हणतो? १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला एखाद्या वस्तीत घर घ्यायला किंवा राहायला आडकाठी करणं हा गुन्हा आहे. पण पुतण्या येतोय म्हणणाऱ्या मालकावर तो सिद्ध कसा करणार? दुसरीकडं, झोरोअ‍ॅस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली, सदस्यत्व एका समाजापुरतं राखणारा सोसायटीचा उपविधी वैध ठरवला. सहकाराच्या नावाखाली वस्ती "आपल्या लोकांची" ठेवायला अशी मुभा मिळाली.

आता या अंतराची किंमत मोजू. दिवसाचे पाच तास म्हणजे आठवड्याचे २५. वर्षाचे ४८ आठवडे धरले तर १२०० तास, म्हणजे पन्नास अख्खे दिवस आणि रात्री. माझ्यासोबत प्रवेश घेतलेला, दादरला आजोबांच्या फ्लॅटमध्ये राहणारा सहकारी दरवर्षी माझ्यापुढं जवळपास एवढ्या तासांनी असतो. हे तास कुठल्याही गुणपत्रिकेत दिसत नाहीत. आमच्याकडं सेमिनार साडेपाचला सुरू होतं आणि खरं बोलणं त्यानंतरच्या चहावर होतं. कुठल्या प्रकल्पात जागा आहे, कोणती फेलोशिप निघालीय, कुणाला शिफारसपत्र मागावं, हे सगळं तिथं कळतं. त्या वेळी मी स्टेशनच्या दिशेनं निघालेली असते. मग एक दिवस वरिष्ठ सांगतात, "तुमचा विभागात वावर कमी आहे." वसतिगृहासाठी गेले तर खिडकीवर उत्तर मिळतं, "तुम्ही स्थानिक आहात, लोकलनं येऊ शकता."

आणि या अंतरात जीवही जातो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि चार जण त्याच दिवशी गेले. नंतरची सगळी चर्चा दरवाजे आपोआप बंद होण्यावर झाली. माणसाला रोज दारात लटकावं लागेल एवढ्या लांब कुणी ढकललं, यावर नाही.

आपल्यातल्या कुणाचा निकाल लागला की बातमी येते, "लोकलमध्ये अभ्यास करून मिळवलं यश". घरचे कात्रण जपून ठेवतात, आपल्यालाही बरं वाटतं. मला या बातम्यांची आता चीड येते. लोकलमध्ये उभ्यानं वाचावं लागणं हा गुण नाही, तो आपल्यावर लादलेला खर्च आहे. त्याला जिद्द म्हटलं की तो कुणी लादला हे विचारायची गरज उरत नाही. आणि ज्यांना पाच तासांच्या प्रवासानंतर वाचणं जमलं नाही, त्यांच्यात जिद्द नव्हती असा अर्थ आपोआप निघतो. माझी आई पहाटे पाच वाजताच्या गाडीनं हाउसकीपिंगच्या कामाला जाते. तिच्या जिद्दीवर कुणी बातमी केलेली नाही.

मग करायचं काय? विद्यापीठांनी "स्थानिक" ठरवताना नकाशावरची हद्द न पाहता प्रवासाचे तास पाहावेत आणि महत्त्वाच्या बैठका दुपारी घ्याव्यात. भाड्याच्या घरातल्या भेदभावाची तक्रार घेऊन ठरावीक मुदतीत निकाल देणारी यंत्रणा राज्यानं उभी करावी, जिथं एजंटालाही उत्तर द्यावं लागेल.

काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. घर नाकारलं की तारीख, जागा आणि नेमके शब्द लिहून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुसू नका. आपण ते अपमान म्हणून गिळतो आणि पुरावा हातचा जातो. कल्याणच्या पुढं, बदलापूर आणि टिटवाळ्यापर्यंत, वस्त्या-वस्त्यांत बुद्धविहारं आहेत. ती रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका म्हणून उघडी राहिली तर वन आरकेत पाच माणसांत अभ्यास करणाऱ्या पोरींना बसायला जागा होईल. सोसायटीच्या कमिटीवर निवडून या, कारण नियम तिथं बनतात. आणि घराची चावी आपल्या हातात आली की आपण काय करतो तेही पाहा. बौद्ध घरमालकानं मुस्लीम कुटुंबाला "विचारून सांगतो" म्हणत परत पाठवलेलं मी आमच्याच इमारतीत पाहिलंय. आपल्या आईबापांना ऐकवलेलं वाक्य आपल्या तोंडून जाता कामा नये.

जय भीम.