देवळातला बाजार आणि आपण

उमेश विनायक कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ हा चित्रपट ४ नोव्हेंबर २०११ रोजी प्रदर्शित झाला. पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ त्याला ‘ब्यारी’सह विभागून मिळाले, गिरीश कुलकर्णी यांना अभिनय आणि संवाद या दोन्हींसाठी गौरविण्यात आले. परंतु पुरस्कारांनी वाद मिटत नसतात. आजही सश्रद्ध घरांत या चित्रपटाचा विषय निघाला की, ‘उपहास करायला यांना हिंदूंचीच देवळे का दिसतात?’ असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नामागील वेदना खरी आहे. मात्र ‘देऊळ’ला ती लागू पडते काय, हे शांतपणे तपासले पाहिजे.

मंगरूळ गावातील साधाभोळा केशा हरवलेली गाय शोधता शोधता झाडाखाली झोपी जातो आणि त्याला दत्तगुरूंचा दृष्टान्त होतो. गावासाठी रुग्णालय व्हावे, म्हणून शिकलेसवरलेले अण्णा धडपडत असतात. पण दृष्टान्ताची वार्ता पसरते, पुढाऱ्यांना त्यात लाभ दिसतो आणि रुग्णालय बाजूला पडून देऊळ उभे राहते. मग दुकाने येतात, जाहिराती येतात, पैसा येतो. अखेरीस केशाच मूर्ती उचलून नदीत विसर्जित करतो.

केशा नास्तिक नाही. आपल्या देवाची विटंबना त्याला पाहवत नाही, म्हणून तो देवाला तेथून सोडवतो. दत्तगुरूंची टवाळी या कथेत कुठेही नाही. टवाळी आहे ती दृष्टान्ताचे भांडवल करणाऱ्यांची. गाव मात्र दुसरी मूर्ती आणते आणि धंदा पूर्ववत सुरू राहतो. यातील बोचरा भाग हाच आहे. त्याने जखम व्हायची असेल, तर ती श्रद्धेला नव्हे, आपल्या लोभाला व्हावी.

हा पडद्यावरचा प्रश्न म्हणून सोडून देण्याची मुभा निदान सातारा जिल्ह्याला नाही. वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरी झाली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, चिंचोळी वाट, वाटेच्या कडेची दुकाने, त्यांना लागलेली आग आणि गॅस सिलिंडरचे स्फोट यांत सुमारे ३०० भाविकांचे प्राण गेले. चौकशीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमावा लागला. साऱ्या अनर्थाचे खापर बाजारावर फोडणे अन्यायाचे ठरेल. तथापि, दुकानाला जागा होती आणि भाविकाच्या पावलाला नव्हती, हे कसे विसरता येईल?

चित्रपटाशी आमचा मतभेद आहे तो एका मुद्द्यावर. देऊळ की रुग्णालय, असा पेच तो उभा करतो. हे द्वंद्व आपल्या परंपरेतले नव्हे. याच जिल्ह्यातील माण तालुक्यात गोंदवले आहे. तेथील श्रीब्रह्मचैतन्य महाराजांनी १८७६ च्या दुष्काळात लोकांना शेतावर काम देऊन अन्न पुरविल्याची हकीकत भाविकांना ठाऊक आहे. महाराजांनी १९१३ मध्ये देह ठेवला. अन्नदान अजून चालू आहे. नाम आणि अन्न जेथे एकाच पंक्तीत बसतात, तेथे देऊळ समाजाच्या आड येत नाही. ते समाजाचा आधार होते. म्हणून या टीकेला उत्तर द्यायचे असेल, तर ते निषेधाच्या पत्रकाने नव्हे, अशा कामाने द्यावे लागेल.

आणि केवळ विश्वस्तांकडे किंवा पुढाऱ्यांकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. ग्राहक असल्याशिवाय बाजार भरत नाही. सुट्टीच्या दिवशी मोटारीतून जायचे, जादा पैसे मोजून रांग चुकवायची, गाभाऱ्यात डोळे मिटण्याऐवजी छायाचित्र काढायचे आणि येताना हॉटेलची चर्चा करायची, हे कोण करते? सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंबेच ना? आपल्या मुलांनी यातून कोणता संस्कार उचलायचा?

देवळात जाताना आपण चपला बाहेर काढून ठेवतो. गिऱ्हाईकपणाही तेथेच काढून ठेवता आला, तर केशाला मूर्ती घेऊन नदी गाठावी लागणार नाही.