वाढणारीचे ताट

२०२० च्या कोरोना साथीने ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द घरोघर नेऊन पोहोचविला. साथ ओसरली, पण त्या शब्दाभोवती उभा राहिलेला बाजार ओसरला नाही. ही शक्ती चूर्णांत आणि बाटल्यांत मिळती, तर गोमंतकासारख्या सुखवस्तू प्रदेशात अशक्तपणाला थारा उरला नसता. वस्तुस्थिती उलट आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण शेकडा ३१.३ होते, २०१९-२१ च्या पाहणीत ते ३९ वर गेले. पाच वर्षांखालील बालकांपैकी तर निम्म्याहून अधिक रक्तक्षयाने ग्रस्त आढळली.

रोगाशी झुंजणारी प्रतिद्रव्ये ही मुळात प्रथिनेच होत. घसा व आतड्यांची अस्तरे शाबूत राखण्यास ‘अ’ जीवनसत्त्व लागते. लोह कमी पडले की अवयवांना प्राणवायू अपुरा पोहोचतो आणि पांढऱ्या पेशींचे बळही खचते. हे सारे रोजच्या अन्नातूनच थोडेथोडे मिळवावे लागते.

आमच्या पूर्वजांचे ताट याबाबतीत बरेच शहाणे होते. उकड्या तांदळाचेच पाहा. भात उकडताना कोंड्यातील ‘ब-१’ जीवनसत्त्व दाण्यात मुरते व पुढे सडले तरी पुष्कळसे टिकते. त्याच्याच अभावी पांढऱ्या सडीक तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी जडते. जावा बेटावर कोंबड्यांचे निरीक्षण करून आयकमन यांनी या शोधाची वाट उघडली आणि १९२९ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. परसातल्या भाणात भात उकडणाऱ्या आजीला त्यांचे नाव ठाऊक नव्हते. पण सकाळची पेज तिने कधी चुकविली नाही. नाचणीत कॅल्शियम, कुळथात प्रथिने, तांबड्या भाजीत लोह, बांगड्या-तारल्यांत प्रथिनांसह ‘ड’ जीवनसत्त्व, अशी ही जुळणी होती. भाजीतले लोह अंगी लागण्यास ‘क’ जीवनसत्त्वाची जोड हवी. तेव्हा पानातली लिंबाची फोड केवळ शोभेची नव्हे. उलट जेवणापाठोपाठ घेतलेला चहा ते लोह शोषू देत नाही.

परंतु सकस अन्न घरात शिजून भागत नाही. ते कोणाच्या ताटात पडते, हा खरा प्रश्न आहे. आमच्या अनेक घरांत वाढणारी अजूनही सर्वांच्या मागून बसते. तोवर हुमणातल्या तुकड्या संपलेल्या असतात आणि तिच्या वाट्याला नुसता रस उरतो. उपवासही बहुधा तिचेच. व्रतवैकल्यांविषयी आम्हांला आदर आहे. पण साबुदाणा आणि चहा यांवर काढलेला दिवस रक्त भरून काढीत नाही, हे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

सरकारने अंगणवाड्या व शाळांच्या आहारात नाचणी, कडधान्ये आणि पालेभाजी नेमाने राहतील, हे पाहावे. लोहाच्या गोळ्या वाटून थांबू नये. त्या घेतल्या जातात की कपाटात पडून राहतात, याचीही विचारपूस व्हावी. रक्तक्षय जडलाच असेल तर रक्त तपासून वैद्यकीय उपचार घेतले पाहिजेत; नुसत्या भाजीवर विसंबणे धोक्याचे ठरेल. घरापुरते मात्र सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. आज रात्री सर्वांनी एकत्र जेवायला बसावे, आणि पहिली तुकडी वाढणारीच्या ताटात घालावी.