नर्मदेचे गणित

नर्मदेत पाणी किती आहे? प्रश्न साधा आहे. परिक्रमावासीयाला विचारला तर तो हात जोडून ‘नर्मदे हर’ म्हणेल आणि त्याच्यापुरते उत्तर पुरे झालेले असेल. परंतु ज्या इंदूर नगरीत १९७८ सालापासून जलूदहून नर्मदेचे पाणी उचलून, विंध्याची चढण चढवून घरोघरच्या नळांना पुरविले जाते, तेथील गृहस्थाचे एवढ्याने भागत नाही. बडोद्याच्या व भडोचच्या आपल्या मंडळींचेही भागत नाही. नदी जोवर वाहत होती तोवर हा प्रश्न भक्तीचा होता. ती अडवून वाटायचे ठरल्यापासून तो हिशेबाचा झाला.

हा हिशेब प्रथम मोठ्या प्रमाणावर मांडला गेला तो नर्मदा पाणी तंटा लवादापुढे. १९६९ साली नेमलेल्या या लवादाने १९७९ च्या डिसेंबरात आपला निवाडा दिला. चारांतील तीन वर्षे तरी हमखास मिळेल असे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरले, आणि त्यांतले १८.२५ मध्य प्रदेशाला, ९ गुजरातला, अर्धा राजस्थानला व पाव महाराष्ट्राला, अशी वाटणी केली. हा २८ चा आकडा आला कोठून? नदीचा प्रवाह पद्धतशीर मोजण्यास १९४८ साली आरंभ झाला होता. त्याआधीच्या काळासाठी १८९१ पासूनच्या पावसाच्या नोंदी हाताशी होत्या. त्यांवरून ‘इतका पाऊस पडला, तेव्हा नदीला इतके पाणी आले असावे’ असे मागे मागे मोजीत नेले. १९७४ साली संबंधित राज्यांनी आपसांत हा आकडा मान्य केला, आणि लवादाने तोच प्रमाण मानला. सरदार सरोवराची तपासणी करणाऱ्या मोर्स समितीने १९९२ साली दाखवून दिले की, केवळ प्रत्यक्ष मोजलेल्या वर्षांचा हिशेब केला तर पाणी बरेच कमी भरते. म्हणजे कोट्यवधी लोकांचे शेत आणि घागर ज्या आकड्यावर अवलंबून आहेत, तो आकडा अंशतः मोजलेला आणि अंशतः अनुमानाने काढलेला आहे.

पावसावरून प्रवाहाचे अनुमान करणे यालाच आज ‘प्रतिमान’ म्हणतात. फरक एवढाच की, पूर्वी ते कागदावर होते आणि आता संगणकात आहे. वाचकांपैकी ज्यांना या शब्दाची धास्ती वाटते त्यांनी घरच्या जमाखर्चाची वही डोळ्यांपुढे आणावी. पाऊस ही जमा. झाडांनी पानांवर अडवून धरलेले, उन्हाने उडून गेलेले, मातीने शोषलेले, मुळांनी प्यालेले, खाली झिरपून विहिरींना मिळालेले हा सारा खर्च. आणि उरते ते ओढ्यानाल्यांतून नदीला. मात्र या वहीत एका पानावरचा खर्च दुसऱ्या पानावरची जमा असते. आज झिरपलेले पाणी चार महिन्यांनी पुन्हा नदीत येते; एका धरणाने सोडलेले पाणी दुसऱ्याच्या दाराशी जाऊन थांबते. ही सर्व पाने एकत्र बांधून एकाच वेळी लिहिणे म्हणजे एकात्म प्रतिमान. हाताने ते केवळ अशक्य.

१९७६ च्या सुमारास डेन्मार्क, ब्रिटन व फ्रान्स येथील तीन संस्थांनी मिळून अशी आज्ञावली रचण्यास घेतली. तिचे नाव ‘सिस्टेम हायड्रोलॉजिक युरोपियन’, संक्षेपाने ‘एस. एच. ई.’. संपूर्ण पाणलोटावर चौकटींचे जाळे टाकायचे, प्रत्येक चौकटीत माती किती खोल, ती पाणी किती वेगाने पाझरू देते, वर गवत आहे की जंगल, हे भरायचे. मग पडलेला पाऊस पदार्थविज्ञानाच्या नियमांनी चौकटीतून चौकटीत उतरत नदीपर्यंत कसा येतो ते संगणकाने मोजायचे. कल्पना देखणी होती यात शंका नाही.

आपल्या दृष्टीने विशेष गोष्ट ही की, या युरोपीय आज्ञावलीची एक मोठी कसोटी नर्मदेच्या खोऱ्यात झाली. रूरकी येथील राष्ट्रीय जलविज्ञान संस्था १९७८ साली स्थापन झाली. युरोपीय सहकार्याने ही आज्ञावली पुढे तेथील संगणकावर बसविण्यात आली, आपल्या शास्त्रज्ञांना तिचे शिक्षण देण्यात आले, आणि मध्य प्रदेशातील नर्मदेच्या सहा उपखोऱ्यांवर, म्हणजे सुमारे १५,००० चौरस किलोमीटर प्रदेशावर, ती चालवून पाहण्यात आली. १९९२ साली या कामाचे निबंध प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक उपखोरे कोलार नदीचे. भोपाळकर आज जिच्या धरणाचे पाणी पितात तीच ही कोलार.

निष्कर्ष काय निघाला? आज्ञावली आपल्याकडे चालते. पावसाळी नदीचा चढउतार ती बऱ्यापैकी उतरवते. पण चौकटी भरायला लागणारी माहिती कोठे होती? पर्जन्यमापके विरळ, मातीच्या खोलीची मोजणी थोडी, भूजलाच्या नोंदी तुटक. जेथे मोजलेले नव्हते तेथे तज्ज्ञांना अदमासाने भरावे लागले. याच सुमारास, १९८९ साली, कीथ बेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने अशा प्रतिमानांवर नेमका आक्षेप घेतला. प्रत्येक चौकटीतले इतके आकडे आपल्या हाती असतात की, ते निरनिराळ्या प्रकारे बसवूनही नदीचा तोच आलेख काढता येतो. शाळेत उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असली की गुरुजी गुण कापीत. येथे रीत तपासायला गुरुजीच नाहीत. नदीचा आलेख जुळला म्हणून आतली माती आणि विहिरी खऱ्या ठरतात असे नव्हे, ही गोष्ट ज्याला उमगली त्यालाच हे यंत्र वापरण्याचा अधिकार आहे, असे आमचे मत आहे.

त्यानंतर आज्ञावल्यांचा सुकाळ झाला. डेन्मार्कच्या संस्थेने ‘माईक’ या नावाची मालिकाच काढली. ती विकत घ्यावी लागते. अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाने १९९५ मध्ये ‘हेक-रास’ ही नदीच्या पातळ्या काढणारी आज्ञावली सर्वांना फुकट दिली. आज एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थीही ती घरच्या संगणकावर चालवू शकतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने आपल्याकडेही जलविज्ञान प्रकल्प झाले आणि राज्याराज्यांच्या जलसंपदा खात्यांत ही साधने पोहोचली. साधनांची वाण आता उरलेली नाही.

मग १७ सप्टेंबर २०२३ रोजी काय झाले? पश्चिम मध्य प्रदेशात दोन दिवस धो धो पाऊस कोसळला. इंदिरा सागर व ओंकारेश्वर यांचे दरवाजे उघडले, आणि खाली आधीच जवळजवळ भरलेल्या सरदार सरोवरातून सेकंदाला सुमारे १८ लाख घनफूट पाणी सोडावे लागले. भडोच आणि अंकलेश्वर यांच्या सखल वस्त्यांत ते घरांत शिरले. नदीवरच्या रेल्वे पुलाजवळ पाणी धोक्याच्या रेषेवर गेल्याने बडोदा-मुंबई गाड्या अडकल्या. आपल्यापैकी कित्येकांनी ती रात्र फलाटावर काढली असेल. पाणी आधीपासून थोडे थोडे सोडून जागा का केली नाही, असा सवाल लोकांनी केला; वरून लोंढा अकस्मात आला, असे अधिकाऱ्यांचे उत्तर होते. या वादात आम्ही निवाडा देत नाही. पण दोन दिवस आधीचा पावसाचा अंदाज, वरच्या धरणांची पातळी व खालच्या शहराची सहनशक्ती ही तीन पाने एकत्र वाचणे, एवढ्याचसाठी तर एकात्म प्रतिमान असते! आणि त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा संगणक ‘आता दरवाजे उघडा’ म्हणतो त्या वेळी भरलेले सरोवर रिकामे करण्याची जबाबदारी कोणीतरी सहीनिशी घेतो. कारण पाऊस चुकला आणि पाणी वाया गेले, तर त्याचा जाब त्या सहीलाच विचारला जाणार.

पुराहूनही आम्हाला अस्वस्थ करते ती फुगवट्याची गोष्ट. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. पण पुराच्या वेळी जलाशयाचा पृष्ठभाग ताटातल्या पाण्यासारखा सपाट नसतो; वरच्या अंगाला, बडवानी व धार जिल्ह्यांकडे, तो चढत जातो. तो किती चढेल हे गणिताने काढतात, आणि वरून पूर किती येईल असे आपण धरतो त्यावर ते उत्तर अवलंबून असते. हा फुगवटा पुन्हा एकदा मोजण्यात आला आणि रेषा खाली आली. तिच्यासरशी १५,९४६ कुटुंबे बुडिताच्या यादीबाहेर गेली. २०२३ च्या सप्टेंबरात अशा वगळलेल्या घरांतही पाणी शिरले, अशी निमाडातल्या लोकांची तक्रार आहे. गणित करणाऱ्याने कोणता पूर धरला, वरच्या धरणांनी किती पाणी अडवावे असे गृहीत धरले, हे त्या कुटुंबांना कळेल अशा भाषेत कोणी सांगितले काय? घराचा उंबरा रेषेच्या आत की बाहेर, हे ठरविणारा कागद त्या उंबऱ्याच्या मालकाला वाचता आला पाहिजे.

हे सर्व आत्ताच लिहिण्याचे कारण आहे. लवादाने पाण्याच्या वाटणीचा फेरविचार करण्याची मुभा ४५ वर्षांनंतर ठेवली होती. ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये पुरी झाली. चारांपैकी कोणतेही राज्य आता हा विषय उकरून काढू शकते, आणि या खेपेस २८ चा आकडा पावसाच्या जुन्या वहीतून नव्हे, तर संगणकातून निघेल. प्रत्येक राज्याने आपापले प्रतिमान आणले, तर प्रत्येकाला हवा तो आकडा मिळेल. बेव्हनसाहेबांनी ते कधीच सांगून ठेवले आहे. चारही राज्यांचे मिळून एकच प्रतिमान असावे, त्यात भरलेला प्रत्येक आकडा व प्रत्येक गृहीत सर्वांस पाहता यावे, हा एकच मार्ग आम्हाला दिसतो. नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचे कार्यालय आमच्या इंदुरातच आहे. तेथील अधिकाऱ्यांकडे या मागणीचे पत्र जाण्यास टपालखर्च फारसा येणार नाही.

माळव्यातल्या आटलेल्या विहिरी आणि कूपनलिका या जमाखर्चात कोठे बसतात, हा भाग जागेअभावी राहिला. तो पुढील अंकी.