न घडलेल्या अपघातांचे धडे

आष्टी-परतूर भागाला कापसाच्या गाठींनी भरलेले ट्रक नवे नाहीत. असाच एक ट्रक २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विमानतळालगत बीड रस्त्यावरून जात होता. इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टी सोडताच त्याला धडकले. विमानातील ११८ पैकी ५५ जण दगावले. चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या : वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, आणि उड्डाणांच्या वेळेत रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडले.

पण रस्ता आणि धावपट्टी तर रोज तिथेच होती. आधीची विमाने त्या रस्त्यावरून किती उंचीने गेली, याचा हिशेब ठेवला असता तर धोका आधीच कळू शकला असता. आज हा हिशेब ठेवता येतो. ब्लॅक बॉक्स अपघातानंतर उघडतात; त्याच धर्तीच्या नोंदी आता नेहमीच्या उड्डाणांनंतरही काढून तपासल्या जातात. वेग, उंची, नाक उचलण्याची गती, चाके धावपट्टीवर नेमकी कुठे टेकली, हे सारे त्यात असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २७,००० किलोंहून जड विमाने चालवणाऱ्या कंपन्यांना असे विश्लेषण बंधनकारक आहे.

अडचण अशी की, बहुतेक वेळा मर्यादा ओलांडलेली उड्डाणेच शोधली जातात. सुरक्षा-अभ्यासक एरिक हॉलनागेल यांचा आग्रह वेगळा आहे : जे सुरळीत पार पडते त्याचाही अभ्यास करा. ओल्या धावपट्टीवर शंभर विमाने नीट उतरली, तर ती कशी उतरली? किती वैमानिकांनी वेळीच निर्णय बदलून विमान पुन्हा वर नेले? अडचण आली तरी सावरून घेण्याची ही क्षमता आकड्यांत दिसते, अपघाताच्या अहवालात नाही. २२ मे २०१० रोजी मंगळूरला विमान सुमारे ८,००० फुटी धावपट्टीवर ५,२०० फुटांपुढे टेकले आणि १५८ जणांचा बळी गेला. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर न्यायला सुचवले होते. ते ऐकले गेले नाही.

आकडे ‘काय झाले’ ते सांगतात, ‘का झाले’ हे वैमानिकच सांगू शकतो. त्याला शिक्षेची भीती असेल तर तो गप्प बसेल. म्हणूनच ही माहिती शिक्षेसाठी वापरू नये, असे आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. अर्थात जाणूनबुजून केलेला हलगर्जीपणा यात झाकला जात नाही.

अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी झालेल्या दुर्घटनेनंतर सगळ्यांचे डोळे ब्लॅक बॉक्सकडे लागले, ते स्वाभाविकच. पण त्याच दिवशी देशभरात हजारो प्रवासी सुखरूप उतरले. ते कसे उतरले, हे रोज तपासणारी व्यवस्था किती सक्षम आहे, हा प्रश्नही आपण तितक्याच आग्रहाने विचारायला हवा.