विश्लेषण : वरण-भाताच्या चाहत्याला प्रयोगशील रेस्तराँ का खटकते?

दुबईतील ‘त्रेसिंद स्टुडिओ’ला मे २०२५ मध्ये तीन मिशेलिन तारे मिळाले. भारतीय पदार्थ देणाऱ्या रेस्तराँला हा सर्वोच्च मान मिळण्याची जगातील ही पहिलीच वेळ. त्याआधी दोनच महिने, मूळ कोलकात्याचे शेफ गगन आनंद यांचे बँकॉकमधील रेस्तराँ आशियातील सर्वोत्तम ५० रेस्तराँच्या यादीत पहिले आले. मुंबईतील ‘मास्क’ही या यादीत सातत्याने झळकते आहे. मात्र या यशाचा अभिमान बाळगणारा पारंपरिक चवीचा चाहता तिथे प्रत्यक्ष जेवून येतो, तेव्हा अनेकदा बुचकळ्यात पडलेला असतो. चव चांगली होती, पण जेवल्यासारखे वाटले नाही, ही त्याची नेहमीची तक्रार. ती निव्वळ जुनाट आवडीतून येते, की तिच्यात काही तथ्य आहे?

प्रयोगशील रेस्तराँ म्हणजे काय?

इथे साधारणपणे पदार्थ निवडायचे नसतात. शेफने ठरवलेले आठ-दहा किंवा त्याहून अधिक छोटे पदार्थ ठरलेल्या क्रमाने टेबलावर येतात. त्याला ‘टेस्टिंग मेन्यू’ म्हणतात. या प्रवाहाची एक मुळी विज्ञानात आहे. भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्टी आणि रसायनशास्त्रज्ञ एर्वे तीस यांनी १९८८ मध्ये स्वयंपाकातील भौतिक-रासायनिक बदलांच्या अभ्यासाला नाव दिले, त्यालाच पुढे ‘मॉलिक्युलर गॅस्ट्रॉनॉमी’ म्हटले जाऊ लागले. स्पेनमधील ‘एल बुयी’ या रेस्तराँमध्ये शेफ फेरान आद्रिया यांनी फेस, जेल आणि द्रवाचे गोळे यांचे प्रयोग जगभर गाजवले. ते रेस्तराँ २०११ मध्ये बंद झाले, तंत्रे मात्र पसरली. मुंबईत २०१३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मसाला लायब्ररी’ सुरू झाले आणि धूर, फेस, गोळे इथल्या ताटात आले.

दुसरी लाट वेगळी आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मास्क’ने चमत्कृतीपेक्षा देशातील स्थानिक आणि हंगामी घटकांवर भर दिला. तिथले पहिले शेफ प्रतीक साधू यांनी पुढे हिमाचल प्रदेशात कसौलीजवळ ‘नार’ सुरू केले. हिमालयातील खाद्यपरंपरा हाच त्याचा गाभा आहे.

दह्याचा गोळा बनतो कसा?

गगन आनंद यांचा गाजलेला पदार्थ म्हणजे चाटच्या चवीचा दह्याचा गोळा. चमच्यातून तोंडात टाकला की पातळ आवरण फुटते आणि दही जिभेवर पसरते. यात वापरले जाणारे सोडियम अल्जिनेट तपकिरी सागरी शेवाळापासून काढतात. त्याचा कॅल्शियमशी संबंध आला की जेल बनते. दह्यात मुळातच कॅल्शियम असते, म्हणून अल्जिनेट दह्यात न मिसळता पाण्यात विरघळवतात आणि त्यात चमच्याने दही सोडतात. संपर्काच्या पृष्ठभागावरच जेलचा पापुद्रा धरतो आणि आतले दही पातळ राहते.

हे रसायन ऐकायला परके वाटते, पण त्याचे जवळचे नातलग आपल्याच स्वयंपाकघरात आहेत. पेठा करताना कोहळ्याचे तुकडे चुन्याच्या पाण्यात भिजवतात. चुन्यातील कॅल्शियम कोहळ्यातील पेक्टिनला बांधून ठेवते, म्हणून पाकात शिजल्यावरही तुकड्यांचा लगदा होत नाही. दोन्हीकडे कॅल्शियम लांब रेणूसाखळ्या एकमेकींशी जोडते. फेसाचेही तसेच. जुन्या दिल्लीत हिवाळ्याच्या पहाटे दूध घुसळून, नुसता फेस गोळा करून ‘दौलत की चाट’ विकली जाते. दिल्लीच्या ‘इंडियन अॅक्सेंट’ने हाच पदार्थ आपल्या मेन्यूत घेतला.

मग पारंपरिक कशाला म्हणायचे?

उपवासाचे ताट पाहा. साबुदाण्याची खिचडी, त्यात बटाटा, शेंगदाण्याचे कूट आणि हिरवी मिरची. अनेक घरांत हे ताट सर्वाधिक सोवळ्याचे. पण बटाटा, भुईमूग, मिरची आणि आपला साबुदाणा ज्यापासून बनतो तो टॅपिओकाचा कंद, हे चारही मूळचे अमेरिका खंडातील. युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर ही पिके सोळाव्या शतकापासून पुढे इथे येत गेली. टॅपिओकापासून साबुदाणा बनवण्याचा उद्योग तर तमिळनाडूतील सेलम परिसरात १९४० च्या दशकात उभा राहिला. म्हणजे आज्जीच्या हातची चव हीसुद्धा कोणे एके काळी प्रयोगच होती. त्यामुळे ‘आपल्याकडे असे करत नाहीत’ हा आक्षेप फार टिकत नाही.

तरीही खटकते ते काय?

खटकते ती जेवणाची रचना. मराठी ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे आणि भात मधोमध असतो. सगळे समोर असते आणि प्रत्येक घास जेवणारा स्वतः रचतो. वरण-भाताला लोणच्याचा खार लावायचा की कोशिंबिरीची जोड द्यायची, आमटी किती कालवायची, हे तो ठरवतो. पंगतीलाही क्रम असतो, पण भात पुन्हा मागता येतो आणि वाढणारा आग्रहही करतो.

टेस्टिंग मेन्यूत प्रत्येक घास शेफने आधीच रचलेला असतो. पदार्थ एकामागून एक आणण्याची ही पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. म्हणजे घटक कोकणातले आणि मसाला मालवणी असला, तरी जेवणाचा साचा युरोपीय राहतो. ‘पोट भरले, पण जेवण झाले नाही’ या भावनेचे मूळ बहुधा इथे आहे. त्यात टेस्टिंग मेन्यूचा माणशी खर्च काही हजार रुपये. म्हणजे पदार्थ लोकांच्या रोजच्या ताटातून उचललेला, पण तो खाणे त्यांच्याच आवाक्याबाहेर.

परंपरेचा यात फायदा की तोटा?

दोन्ही शक्य आहे. आजरा घनसाळसारख्या स्थानिक तांदळाला, रानभाजीला किंवा विस्मृतीत गेलेल्या भरडधान्याला नाव घेऊन मेन्यूत स्थान मिळाले, तर त्याची किंमत शहरी ग्राहकाला कळते आणि पिकवणाऱ्याला नवी बाजारपेठ मिळू शकते.

धोका दुसरीकडे आहे. चेन्नईतील ‘अवर्तना’ या रेस्तराँमध्ये टोमॅटोचे रसम नितळ, पारदर्शक स्वरूपात मिळते. रसमवर वाढलेला माणूस डोळे मिटून ते ओळखेल आणि दाद देईल. ज्याने मूळ रसम चाखलेच नाही, त्याच्यासाठी ते फक्त एक छान सूप. प्रयोगाची गंमत मूळ चवीच्या आठवणीवर उभी असते. घरात पुरण वाटणे, उकड काढणे, गोडा मसाला भाजणे थांबले, तर पुढच्या पिढीसाठी रेस्तराँमधील रूपच मूळ ठरेल.

मान मिळवण्यासाठी मोडतोड करावीच लागते, असेही नाही. न्यूयॉर्कमधील ‘सेम्मा’ तमिळनाडूचे घरगुती, ग्रामीण पदार्थ फारसे न बदलता देते. गोगलगायीचा झणझणीत ‘नत्तै पिरट्टल’ही तिथे मिळतो. या रेस्तराँला मिशेलिन तारा आहे आणि शेफ विजय कुमार यांना २०२५ मध्ये अमेरिकेतील मानाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला.

जाण्यापूर्वी काय लक्षात ठेवावे?

शाकाहार, उपवास, अॅलर्जी हे आरक्षण करतानाच सांगावे, कारण मेन्यू आधी ठरलेला असतो. पदार्थ समोर आला की मूळ पदार्थ कोणता, तो कुठला आणि तो का बदलला, हे विचारावे. चांगल्या ठिकाणी याचे नेमके उत्तर मिळते. नुसत्या धुराच्या आणि नाटकाच्या मागे बहुतेकदा उत्तर नसते. सेवा शुल्क बिलात सक्तीने लावता येत नाही, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे, तेव्हा बिलही वाचावे.

आणि आपण परंपरावादी आहोत म्हणून तिथे आपले काम नाही, असे समजू नये. डोळ्यांना अनोळखी दिसणाऱ्या पदार्थात आमसुलाचा आंबटपणा उरला आहे की नाही, हे सोलकढीवर वाढलेली जीभच सांगू शकते. असे सांगणारे गिऱ्हाईक समोर असेल, तर शेफलाही मूळ पदार्थ नीट शिकूनच प्रयोग करावा लागतो.